मिरच्यांच्या वाफ्यातली भिकबाळी

सिंगापूरला आल्यावर आमच्या बायकांना काय काय छंद लागतात. कुणी केक करायला शिकते, कुणी योगाचे वर्ग काढते, कुणी मंडळाच्या नाटकात एकदा काम करते आणि पुढे वर्षभर त्याबद्दल बोलते. मी मेटल डिटेक्टर विकत घेतला. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा नवऱ्याला वाटलं, नवा व्हॅक्युम क्लीनर आणलाय, आणि तो मनापासून खूश झाला. खरं कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इतिहासात एम. ए. करून मी पुण्यात एका संग्रहालयात काम करत होते. लग्न झालं, नवऱ्याची नोकरी इकडे आली आणि मी डिपेंडंट पासवर घरी बसले. घरी बसायचा माझा पिंड नाही. एकदा सेम्बावांगच्या किनाऱ्यावर मुलीला घेऊन गेले होते, तिथे एक माणूस कानाला हेडफोन लावून वाळूवरून एक दांडा हळूहळू फिरवत चालला होता. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. मध्येच थांबे, गुडघ्यावर बसे, छोट्या खुरप्याने वाळू उकरे आणि काहीतरी खिशात टाके. मी त्याच्या मागोमाग अर्धा किनारा चालले. मुलगी नंतर म्हणाली की ममा, तू त्या अंकलला घाबरवलंस.

यंत्र तसं साधं असतं. चकतीखाली धातू आला की कानात आवाज येतो आणि मुठीजवळच्या छोट्या पडद्यावर आकडा उमटतो. जाड तांब्याचा किंवा चांदीचा आकडा मोठा, पातळ वस्तूचा लहान. वाईट भाग असा, की सोन्याच्या नाजूक दागिन्याचा आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे सोनं हवं असेल तर आधी भरपूर कचरा उकरावा लागतो. इथे वाटेल तिथे खणूनही चालत नाही. बागांच्या हिरवळीला हात लावायचा नाही, जिथे चालतं अशाच वाळूत शोधायचं, खड्डा बुजवायचा, आणि बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना फोन करायचा. या शेवटच्या नियमामुळे माझा नवरा बरेच दिवस नीट झोपला नाही.

मला मिळालं काय? बाटल्यांची बुचं, डब्यांच्या कड्या, दहा सेंटची नाणी, खिळे, चाक नसलेली खेळण्यातली मोटार. आणि एक पितळी बटण, नांगराचं चित्र असलेलं. सेम्बावांगला पूर्वी ब्रिटिशांचा नाविक तळ होता. कुणा खलाशाच्या कोटाचं ते बटण तुटून पडलं असणार आणि परत गेल्यावर त्याने कुणाची तरी बोलणी खाल्ली असणार. ते बटण मी लिंबू आणि टूथब्रशने घासलं आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. संग्रहालयात मी कितीतरी मौल्यवान वस्तू काचेआड पाहिल्या होत्या, पण इतकं सुख मला त्यांतल्या एकीनेही दिलं नव्हतं.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी ते बटण पाहिलं, डिटेक्टर पाहिला आणि मला विचारलं की भंगारवाले इकडे नसतात का, म्हणून हे काम तू करतेस. सासूबाई पुण्यात शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं बोलणं असंच, उदाहरण मांडावं तसं, आणि उत्तर नेहमी त्यांच्याकडे तयार. मीही काही गप्प बसणारी नाही. आमचं दोघींचं बरं चालायचं ते एकमेकींना टोमणे मारूनच. नवरा अशा वेळी ऑफिसचा कॉल आहे म्हणून खोलीत जाऊन बसायचा.

त्या वर्षी मात्र मी जरा जपून होते. सासरे आदल्या वर्षी गेले होते. वर्षभर घरात सणवार झाले नव्हते, आणि आता ते गेल्यानंतरचा पहिला गणपती सगळ्यांनी मिळून आमच्याकडे सिंगापूरला बसवायचा ठरला होता. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शाडूची छोटीशी मूर्ती साड्यांत गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन आणली. सामान वर ठेवा असं सांगायला आलेल्या हवाईसुंदरीला त्यांनी कसं परतवलं, हे त्यांनी आम्हाला पुन:पुन्हा सांगितलं.

मूर्तीबरोबर एक छोटी डबीही आणली होती. तिच्यात बाबांची भिकबाळी होती: सोन्याच्या तारेचं कडं, दोन मोती, मध्ये लाल खडा. निवृत्त झाल्यावर बाबांनी ती हौसेने करून घेतली होती आणि कानाचा वरचा भाग टोचून घेतला होता. साठीच्या माणसाने बाळी घालून मिरवावं याची आईंनी इतकी थट्टा केली की विचारू नका. नातेवाइकांसमोर त्या म्हणायच्या, आमच्याकडे पेशवाई उशिरा आली. बाबा हसायचे आणि कान जरा पुढे करायचे. दवाखान्यातून शेवटी जे सामान घरी आलं त्यात चष्मा होता, घड्याळ होतं आणि ही बाळी होती. गणपतीच्या दिवशी आईंनी ती पांढऱ्या दोऱ्याने मूर्तीच्या उजव्या कानाला बांधली. मुलीने त्याचा फोटो काढला.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने उत्तरपूजा केली, आरती झाली, आणि गॅलरीत ठेवलेल्या मोठ्या बादलीत विसर्जन झालं. मुलीला दर वर्षी हे बघवत नाही, ती डोळे मिटून मोरया म्हणते. रात्रीतून मूर्ती विरघळली. सकाळी मी वरचं पाणी कुंड्यांना घातलं आणि खालचा मऊ गाळ शेजारच्या आंटीला दिला.

या आंटी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या चिनी शेजारीणबाई. इमारतीखाली रहिवाशांची सामायिक बाग आहे, तिच्यात त्यांचा एक वाफा. मागच्या एका वर्षी मी त्यांना विसर्जनाची माती दिली होती आणि त्यांच्या मिरच्यांना असा काही बहर आला की तेव्हापासून त्या ऑगस्टपासूनच मला विचारायला लागतात, युवर एलिफंट गॉड कमिंग ऑर नॉट. या वर्षी त्या रंगाचे दोन रिकामे डबे घेऊन सकाळीच दारात हजर होत्या. एका डब्यातला गाळ त्यांनी कॉरिडॉरमधल्या लिंबाच्या कुंड्यांना घातला आणि दुसरा खाली मिरच्यांच्या वाफ्यात.

तीन-चार दिवसांनी आई बॅग भरायला बसल्या. येत्या रविवारचं त्यांचं परतीचं विमान होतं. गणपतीची चांदीची दूर्वा, मुकुट, हार, सगळं त्यांनी नीट पुसून रुमालात बांधलं. मग डबी उघडली. ती रिकामी होती.

पहिल्यांदा आम्ही सगळं घर उलटंपालटं केलं. मग मुलीने तिच्या फोनमधले फोटो काढून दाखवले. विसर्जनाआधीच्या शेवटच्या फोटोत मुकुट नव्हता, हार नव्हता, उजव्या कानावर दूर्वांची जुडी आडवी आली होती आणि तिच्या मागे, नीट पाहिलं तर, पांढरा दोरा दिसत होता.

घडलं ते अगदी साधं होतं. पुण्याच्या घरी विसर्जनाआधी मूर्तीचे दागिने उतरवायचं काम बाबांचं. ते एकेक दागिना उतरवून आईंच्या हातात देत आणि आई तो ठेवून देत. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. या वेळी नवऱ्याने मुकुट आणि हार उतरवला, आणि बाळीला त्याने हात लावला नाही, कारण ती आईला स्वत:लाच काढायची असेल असं त्याला वाटलं. आई वाट बघत होत्या की कुणीतरी हातात देईल. मला दोघांच्या मध्ये बोलायचं नव्हतं. बाबांचं नाव निघू नये म्हणून आम्ही सगळे इतके जपत होतो की त्यांची बाळी कुणी काढलीच नाही.

आई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, देवाला वाहिली असं समजायचं, आणि डबी मिटून बॅगेत ठेवली. संध्याकाळी त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. जेवताना आमटीत मीठ जास्त पडलं होतं, तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि घरात मुळीच करमेना.

डिटेक्टर आठवला तो मुलीला. ती अगदी सहज म्हणाली, ममा, युवर मशीन फॉर व्हॉट? आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गावभरच्या खलाशांची बटणं शोधणारी मी, घरातली बाळी हरवल्यावर सोफ्याखाली झाडू घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटींचं दार वाजवलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी आधी एवढंच विचारलं, की हजबंड व्हेन गॉन? मी सांगितलं. त्या चपला घालून बाहेर आल्या.

लिंबाच्या कुंड्यांपासून सुरुवात केली. यंत्र चालू केलं मात्र, आणि ते असं किंचाळायला लागलं की समोरच्या घरातले आजोबा बाहेर आले. कुंडीवर धरलं तरी किंचाळे, नुसतं जमिनीवर धरलं तरी किंचाळे. कॉरिडॉरच्या सगळ्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इमारत सापडली वाटतं." तो त्या दिवसातला त्यांचा पहिला टोमणा होता आणि मला इतकं बरं वाटलं की मी उलट उत्तरच दिलं नाही.

मग आंटींच्या बाजारच्या ट्रॉलीवर घालून कुंड्या एकेक करून लिफ्टने खाली नेल्या. मोकळ्या जागी ठेवून तपासल्या तर यंत्र गप्प. कुंड्यांत काही नव्हतं. राहिला वाफा.

वाफ्यात मात्र आवाजच आवाज. इकडे फिरवलं तरी आवाज, तिकडे फिरवलं तरी आवाज, आणि आकडा बघावा तर बारीक सोन्याचा. मी आनंदाने उकरलं तर बियांच्या पाकिटाचा चंदेरी कपटा निघाला. मग दुसरा. मग तिसरा. आंटी कुठे काय पेरलंय ते कळावं म्हणून रिकामी पाकिटं काडीला टोचून लावत आणि पावसाने ती फाटून मातीत जात. वर्षानुवर्षांची पाकिटं होती ती. मी घामाघूम झाले. कुठलं उकरलं आणि कुठलं राहिलं तेही मला कळेना, कारण उकरलेली माती मी शेजारीच टाकत होते आणि तिच्यावरही यंत्र वाजत होतं. शेवटी मी मटकन बसले आणि म्हणाले की नाही होणार हे.

आई तोपर्यंत बाकावर बसून होत्या. त्या उठल्या, वर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रांगोळीचा डबा होता. पदर खोचला आणि चिमटीतून रांगोळी सोडत त्यांनी वाफ्यावर उभ्या-आडव्या सरळ रेघा मारल्या. शाळेच्या फळ्यावर मारत तशाच, पट्टीशिवाय आणि एकही वाकडी नाही. वाफ्याचे चौकोन झाले. मला म्हणाल्या, एक चौकोन पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, उकरलेली माती बादलीत, बादली तपासली की बाजूला, आणि चौकोन संपला की त्यावर फुली. उत्खननाच्या वर्गात आम्हाला दोऱ्या आणि खुंट्या घेऊन हेच शिकवलं होतं. मी ते विसरले होते आणि त्यांना कुणी शिकवलंही नव्हतं.

रांगोळी बघून आंटींनी चपला काढल्या. त्यांना वाटलं पूजा आहे. बागेतली दुसरी दोन माणसंही हात जोडून लांब उभी राहिली. मी समजावून सांगायला गेले तर आई म्हणाल्या, राहू दे, उभे आहेत तर शांत तरी राहतील.

अडचण आली ती मिरच्यांची. गाळ घातला होता तो नेमका झाडांच्या बुंध्याशी, आणि झाडं फुलांनी लगडलेली. मुळाशी उकरलं तर झाड जाणार हे उघड होतं. आई मला म्हणाल्या, त्या बाईचं नुकसान नको करू, झाडांवर जीव आहे तिचा. त्यांनी रांगोळीचा डबा बंदसुद्धा केला. मी आंटींना ते इंग्रजीत सांगितलं. आंटींनी पहिलं झाड बुंध्याशी धरलं आणि मुळासकट उपटून माझ्या बादलीत ठेवलं.

"चिली कॅन प्लांट अगेन," त्या म्हणाल्या. "हजबंड थिंग, कॅनॉट बाय अगेन."

आईंचं इंग्रजी गणिताच्या पुस्तकापुरतं, पण हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्या आंटींच्या शेजारी मातीत बसल्या. मग झाडं उपटायचं काम आंटींचं, मुळं झटकायचं आईंचं आणि चकती फिरवायचं माझं. झटकताना आईंनी नाक वर केलं आणि विचारलं की हा कसला वास. आंटी माशांची डोकी खत म्हणून पुरतात, हे मी त्यांना सांगितलं. गणपतीची माती आणि माशांची डोकी! आईंनी हातातलं झाड खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बाप्पाला कोकणातही असाच वास येत असेल," आणि पुढचं झाड झटकायला घेतलं.

ऊन चढलं. आंटींनी सगळ्यांना बार्लीचं पाणी आणून दिलं. चौकोनांवर फुल्या वाढत गेल्या. एक चावी सापडली, एक वीस सेंटचं नाणं, आणि आंटींचं फार दिवसांपूर्वी हरवलेलं खुरपं, ते एका शेजाऱ्याने चोरलं असं समजून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या. तो शेजारी म्हणजे मघाशी हात जोडून उभा असलेल्यांतलाच एक. त्याने ते खुरपं पाहिलं आणि आंटींनी शेजारच्या वाफ्यातल्या वांग्यांकडे पाहिलं.

मला यंत्राच्या आवाजाने गरगरायला लागलं होतं. आई म्हणाल्या, दे इकडे. मी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले, दांडा कसा धरायचा ते दाखवलं, आणि त्यांनी पोळी लाटावी तशी ती चकती मातीवरून अलगद फिरवायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा कितीतरी हळू. शेवटून दुसऱ्या चौकोनावर त्या थांबल्या. पुढे गेल्या, परत मागे आल्या. मला पडद्यावरचा आकडा दिसत होता, पाकिटाच्या कपट्यांचाच होता तो. मी म्हणाले, कपटा असेल. त्यांना ऐकू गेलं नाही. त्या खाली बसल्या आणि त्यांनी बोटांनी माती चाळायला घेतली, तांदूळ निवडतात तशी.

मग त्यांनी तळहात पुढे केला. शाडूच्या गोळीत अडकलेलं सोन्याचं कडं होतं. दोऱ्याचा तुकडा अजून त्याला चिकटलेला होता. आंटींनी प्यायच्या पाण्याची बाटली त्यावर ओतली. दोन्ही मोती जागेवर होते. लाल खडाही होता.

मी टाळ्या वाजवल्या. आंटी हसत होत्या आणि त्यांच्या वाफ्यात एकही झाड उभं नव्हतं. मुलगी शाळेतून येत होती, ती दप्तरासकट धावत आली आणि तिने आजीला मिठी मारून स्वत:चा गणवेश मातीने भरवून घेतला. मला इतका आनंद माझ्या पितळी बटणानेही दिला नव्हता, हे मी कबूल करते.

आई बाळीकडे बघत बसल्या होत्या. त्यांच्या कानाच्या वरच्या पाळीला लग्नात घातलेल्या बुगडीचं जुनं भोक आहे, ते बुजलं असेल असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून, मातीच्याच बोटांनी, हळूहळू ती बाळी त्यात घातली. जराशी कळ आली असणार, ओठ आवळले. मग मान वळवून त्यांनी कान माझ्याकडे केला.

"कशी दिसते?"

"शोभते हो, आई," मी म्हणाले. खरंच शोभत होती.

त्यांनी बोटाने बाळी जराशी फिरवून नीट केली. मग म्हणाल्या, "ह्यांनी आणली ना, त्या दिवशी घालून सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला असंच विचारलं, कशी दिसते?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बाजूला व्हा, भाजी करपतेय."

मला हसू आलं. त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"आणि करपत होती का?"

"छे गं," आई म्हणाल्या. "गॅससुद्धा पेटवला नव्हता."